सगळं विसरलेल्या आजीला ओवी कशी आठवते?

पुरुषोत्तमनगर आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. गटाची बैठक संपते, हप्त्यांची वही मिटते, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. हल्ली त्या बोलण्यात एक विषय वारंवार येतो. "सासूबाई जेवून उठतात आणि पाच मिनिटांत शेजारणीला सांगतात, मला कुणी जेवायला दिलं नाही." "सासरे रात्री दोनला दार उघडतात, म्हणतात घरी जायचंय. अहो, घरातच तर बसलाय!" एका घरात तर आजींना बाहेरून कडी लावून सुनेला शेतावर जावं लागतं, कारण मागे एकदा त्या संध्याकाळी उसाच्या फडात सापडल्या होत्या. आज या आजाराबद्दल बोलू, आणि त्यात गाण्याचा उपयोग कसा करायचा तेही सांगू.

आजाराचं नाव डिमेन्शिया, मराठीत स्मृतिभ्रंश. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी कालचं विसरतं, मग आजचं, मग माणसांची नावं, मग चूल पेटवायची कशी, लुगडं नेसायचं कसं हेही. हे वेड नाही, बाहेरचं काही लागलेलं नाही, आणि सुनेला त्रास द्यायला केलेलं नाटक तर मुळीच नाही. देशभरातल्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ साली अंदाज काढला गेला, की साठीच्या पुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना हा आजार आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. तेव्हा हा शहरातल्या शिकलेल्यांचा आजार, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

गाण्याकडे वळण्याआधी एक गोष्ट. विसरायला लागलेल्या प्रत्येकाला हाच आजार असतो असं नाही. रक्तात बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मनाला फार उदासी आली, तरी माणूस असाच वागतो, आणि त्यावर औषध आहे. म्हणून आधी डॉक्टर. कान आणि डोळेही त्याच वेळी तपासून घ्या.

आता गाणं. ज्या घरी असं माणूस आहे त्या घरातल्या बायकांनी हे पाहिलेलं असेल: मुलाचं नाव आठवत नाही, पण कुणी ओवीची एक ओळ सुरू केली की आजी पुढच्या चार ओळी न चुकता म्हणतात. शब्द जुळतात, चाल जुळते, हातसुद्धा जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरतो. लोक म्हणतात, "बघा, सोयीचं तेवढं बरं आठवतं!" तसं नाही. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या संशोधकांनी २०१५ साली याचा शोध घेतला. पूर्वीपासून माहीत असलेलं गाणं ओळखताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते त्यांनी आधी शोधलं, मग आजारी माणसांच्या मेंदूत त्या भागाचं काय झालंय ते पाहिलं. बाकीचा मेंदू बराच झिजलेला असतानाही तो भाग मोठ्या प्रमाणात टिकून होता. शेताला आग लागली तरी बांधावरचं झाड उभं राहावं, तसं काहीसं. शिवाय गाणं एकट्या डोक्यात नसतंच. ते श्वासात असतं, हातांत असतं, हजार वेळा घोटलेलं असतं.

कोणतं गाणं लावायचं, यात बहुतेक घरांचं चुकतं. म्हाताऱ्या माणसाला काय, भजन लावून द्या, असं आपण ठरवून टाकतो. ज्यांनी जन्मभर भजन म्हटलं त्यांना ते चालेल. पण माणसाला सगळ्यात पक्कं आठवतं ते साधारण दहा ते तीस वर्षं वयातलं. आज ज्या आजी ऐंशीच्या आहेत, त्या १९५५ ते १९७५ या काळात मुलगी होत्या, नवरी होत्या, लेकुरवाळ्या होत्या. त्यांचं गाणं तिथे शोधायचं. त्याच काळात पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण लागायचं, १९५५-५६ साली, पण आपल्याकडे रेडिओ तेव्हा किती घरांत होता? आपल्या आजींचं गाणं जात्यावर होतं. पहाटे दळताना ओवी, आखाजीला माहेरी आल्यावर निंबाला बांधलेल्या झोक्यावरची गाणी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर चालणारी गाणी, लग्नातल्या हळदीची गाणी, पाळणे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी घरांत होळीची गाणी, ढोल आणि पावरी. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा मोर्चात चाललेल्या शेतमजूर बाईला मोर्चाचं गाणं पाळण्यापेक्षा जास्त आठवत असेल. आणि भाषा तीच हवी: अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, ज्या भाषेत आई ओरडायची ती. नातवंडांच्या शाळेच्या मराठीत नको.

ही गाणी बाजारात मिळत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या साथीदारांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ 'पारी' या संकेतस्थळावर फोनवर ऐकता येतात. जरूर ऐका. पण त्यात पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच आहेत. आपल्या चालीसाठी आपल्यालाच फोन हातात घ्यावा लागेल. जाऊबाई, नणंद, बालपणीची मैत्रीण, आजींच्या माहेरची कुणी, यांच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि रेकॉर्ड करायचं. प्रत्येक माणसाच्या नावानं वहीत एक पान करा. कोणतं गाणं लागलं, चेहरा कसा झाला, एवढंच लिहायचं.

गाणं केव्हा, हेही महत्त्वाचं. दिवसभर स्पीकर चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. तो नुसता गोंगाट होतो आणि गोंगाटानं ही माणसं आणखी बिथरतात. जिथे रोज भांडण होतं, त्या जागी गाणं ठेवा. अंघोळ बघा. अंगावरचं लुगडं कुणी ओढतंय म्हणून आजी घाबरतात, ओरडतात, मारतात. आमच्या एका गटातल्या ताईंनी पाणी तापलं की हळदीचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. "आई, चला" म्हणायच्या आधी गाणं. हात धरायचा, चालत चालत न्हाणीपर्यंत गात जायचं, पाणी घालतानाही गातच राहायचं. रोज जमत नाही, त्या सांगतात, पण आठवड्यातले चार-पाच दिवस ओरडा होत नाही. ताईंचा आवाज काही गोड नाही, हे त्या स्वतःच हसून सांगतात. आवाजाला इथे महत्त्व नाही. फोनवरच्या गाण्यापेक्षा समोर बसून, डोळ्यांत बघून म्हटलेलं गाणं जास्त पोचतं, असंच आम्हाला दिसलंय.

दुसरी अवघड वेळ तिन्हीसांजेची. उजेड कमी झाला की "घरी जायचंय" सुरू होतं. कारखान्यात नोकरी केलेले आजोबा पाळी बदलायच्या वेळेला चप्पल शोधायला लागतात. त्या वेळेच्या अर्धा तास आधी दिवा लावा, चहा द्या, आणि ओळखीचं गाणं म्हणा. वाद घालू नका. "कारखाना सुटून वीस वर्षं झाली, आबा" हे शंभर वेळा सांगून कुणाला पटलंय? हातात टाळ द्या, परात द्या, ठेका धरू द्या. गाता येत नसलं तरी ठेका बहुतेकांना धरता येतो.

काही गाणी दुखवतात. एखाद्या आजींची लेक लग्नानंतर लवकर गेलेली असते, मग पाठवणीचं गाणं सुरू झालं की त्या फुटून रडतात. थोडं डोळ्यांत पाणी येणं वेगळं. तेही चांगलंच असतं कधी कधी. पण अंग आखडलं, हात कानांवर गेले, श्वास भराभर व्हायला लागला, तर लगेच थांबायचं आणि वहीत त्या गाण्यावर फुली मारायची. वरातीतला डीजे घराजवळून जाणार असेल तेव्हा त्यांना आतल्या खोलीत न्या, सोबत बसा.

हे सगळं करून आजार बरा होतो का? नाही. जगभरातल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली आहे. तिच्यावरून दिसतं, की गाण्यानं उदासी कमी व्हायला मदत होते, पण गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. अमुक राग ऐकवा, मेंदू तल्लख होईल, असं सांगून पैसे मागणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. डॉक्टरांनी दिलेली गोळीही गाण्यासाठी बंद करायची नाही.

आता ज्या हे सगळं करतात त्यांच्याबद्दल. सांभाळ करणारी बहुतेक बाईच असते, आणि तिला झोप नाही, मजुरी बुडते, वर "सून बघत नाही" हे ऐकावं लागतं. गोव्यात 'संगत' संस्थेनं ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तो गाण्याचा नव्हता. थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी, स्थानिक माणसं घरोघर जायची, आजार समजावून सांगायची, त्रास झाला तर काय करायचं ते दाखवायची, ऐकून घ्यायची. तेवढ्यानं सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. हे आपल्या गटांना का जमू नये? गटातल्या दोघींनी आठवड्यातून एक दुपार अशा घरी जायचं, आजींबरोबर बसून गायचं, आणि त्या दोन तासांत सुनेनं झोपायचं किंवा बाजार करून यायचं. दोन गटांनी हे सुरू केलंय. एका घरी सासरच्यांना आधी आवडलं नाही, घरातली गोष्ट बाहेर जाते म्हणाले. आता दुपारी त्या घरचे आजोबाच ओट्यावर चटई टाकून ठेवतात.

सल्ला हवा असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. सांभाळणारीचंच मन फार खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानस आहे. दोन्हीवर फोन करायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची तीन गाणी वहीत लिहून आणा, आजारी असो वा नसो. चाल येत असेल तर म्हणून दाखवा, आम्ही फोन चार्ज करून आणतो. ज्यांना सगळ्यात जास्त ओव्या येतात त्या आजीच आता गल्लीत मोजक्या उरल्या आहेत, तेव्हा त्यांच्याकडे आधी जाऊ.