जुन्या चाचण्यांची हजेरी

संगणकाच्या आज्ञावलीचा प्रत्येक भाग नीट चालतो की नाही, हे पाहण्यासाठी चाचण्या लिहितात. जावा भाषेत २००६ साली जेयूनिट ४ ही चौकट आली, २०१७ साली जेयूनिट ५. मग हजारो जुन्या चाचण्या एका रात्रीत बदलावयाच्या काय? मुळीच नाही. नव्या चौकटीतील ‘व्हिंटेज’ इंजिन जुन्या चाचण्या चालविते, ‘ज्युपिटर’ नव्या. नवी चाचणी नव्या रीतीने लिहावी. जुनी, हात लागेल तेव्हा बदलावी.

मात्र व्हिंटेज जोडावयाचे राहिले, तर जुन्या चाचण्या मुकाट्याने गळतात आणि निकाल ‘सर्व ठीक’ असाच दिसतो. म्हणून बदलापूर्वी व नंतर चाचण्यांची संख्या मोजावी. पटावरून नाव गेलेला कामगार दाद मागतो. गळलेली चाचणी मागत नाही.

२०२५ च्या जेयूनिट ६ ने व्हिंटेजला तात्पुरतेच ठरविले आहे. सवलत मिळाली, ती काम उरकण्यासाठी, टाळण्यासाठी नव्हे.