बुद्धीचें भांडवल

शहाणा व्यापारी पेढी उघडण्यापूर्वींच भांडवल कोठें गुंतवावयाचें हें ठरवितो. बुद्धिमान् मुलांच्या स्वतंत्र शाळेसही हाच न्याय लागू आहे. कै. डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनीं १९६२ सालीं पुण्यांत ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. १९६९ सालीं तिची प्रशाला सुरू झाली. बुद्धिमापनाच्या कसोट्यांवर मुलें निवडावयाचीं व त्यांच्या बुद्धीस समाजकार्याची प्रेरणा द्यावयाची, हें तिचें धोरण. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संस्थेनें हराळी येथें काम उभें केलें, तें या धोरणास धरूनच होय.

परंतु अशी निवड म्हणजे भेदभाव, हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. हमालाच्या घरांतील तल्लख मुलीस अशी चाचणी असते हें तरी कोण सांगणार? म्हणून अशी शाळा काढूं पाहणाऱ्यांनीं आपल्या दहा वर्षांच्या योजनेंत इमारतीच्याही आधीं दोन कलमें घालावींत : शिक्षकांनीं वस्तीवस्तींत जाऊन मुलें शोधावीं, आणि फी देण्यास असमर्थ मुलांसाठीं कायम निधि असावा. पहिलें काम शिक्षकांचें. दुसरें आमच्या व्यापारी बंधूंचें आहे, व तें त्यांनीं शाळेची पायाभरणी होण्यापूर्वींच हातीं घ्यावें.