कणकेचा गोळा आणि सुराचा मेळ

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा एरवी यंत्रांच्या खडखडाटात बुडालेली ही उद्योगनगरी पखवाजाच्या ठेक्यावर चालू लागते. नुसतं कातडं ताणून थाप मारली, तर त्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून कारागीर उजव्या पुडीवर लोहचूर्णाच्या शाईचे पातळ थर देतो आणि प्रत्येक थर दगडाने घोटतो. मधोमध वाढलेल्या या वजनामुळे उपस्वर मूळ स्वराच्या जवळपास पटीत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये भारतीय तालवाद्यांचं हे गुपित उलगडलं. डावीकडे मात्र ओली कणीक लावायची. वादन संपलं की खरवडायची, पुढच्या वेळी पुन्हा नवी मळायची. साधनाही अशीच, कालचं लिंपण आज कामाला येत नाही.