माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वैद्यकीय व दंतचिकित्सा सुविधा : पात्रता आजारपणापूर्वीच निश्चित करा

हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा शहर नागपूरमार्गे येणाऱ्या लोहमार्गाने महाराष्ट्राशी जोडलेले आहे. नोकरीनिमित्त येथे व पलीकडच्या कोलकात्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या घरी सैन्यातून निवृत्त झालेले वडील व वृद्ध आई राहतात. निवृत्तिवेतन साताऱ्याच्या बँकेत, डिस्चार्ज बुक गावाकडच्या पेटीत आणि वास्तव्य हावड्यात, अशी अनेकांची स्थिती असते. अशा घरात मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले, तर रुग्णालय कोणते आणि खर्च कोण करणार, हे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री शोधण्याची वेळ येऊ नये, यासाठी पात्रतेची माहिती येथे दिली आहे.

योजना कोणती?

निवृत्त सैनिक व त्यांच्या अवलंबितांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, सुरू केली. ती संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत चालते. सभासदाने एकदाच अंशदान भरावयाचे असते. त्यानंतर त्याला व पात्र अवलंबितांना पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मिळतात आणि आवश्यकतेनुसार लष्करी किंवा योजनेशी संलग्न खासगी रुग्णालयात उपचार मिळतात. संलग्न रुग्णालयात रुग्णाने स्वतः पैसे भरण्याची पद्धत नाही. मान्य दराने देयक योजनेकडे जाते.

पात्र कोण?

भूदल, नौदल वा हवाईदलातून निवृत्त होऊन निवृत्तिवेतन किंवा अपंगत्व निवृत्तिवेतन घेणारे माजी सैनिक, तसेच कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या त्यांच्या पत्नी पात्र आहेत. तटरक्षक दलाचे निवृत्तिवेतनधारकही या योजनेत येतात. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिक, अल्पसेवा कमिशनप्राप्त अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले काही जण यांनाही अटींसह योजना खुली करण्यात आली.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे निवृत्त जवान ईसीएचएसमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे आणि ती कोलकात्यात उपलब्ध आहे. तसेच २०२२ च्या अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या अग्निवीरांना सेवाकाळात वैद्यकीय सुविधा मिळतात. परंतु चार वर्षांनंतर सेवामुक्त होणाऱ्यांना ईसीएचएसचे सभासदत्व मिळत नाही. अशा तरुणांनी सेवामुक्तीनंतरच्या आरोग्य विम्याचा विचार वेळीच करावा.

कुटुंबातील कोणाला लाभ मिळतो?

पती अथवा पत्नी पात्र असते. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, नोकरीस लागेपर्यंत किंवा विवाह होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, पात्र राहतो. मुलीला वयाची अट नाही. नोकरी वा विवाह होईपर्यंत तिची पात्रता टिकते. विधवा वा घटस्फोटित मुलगी वडिलांवर अवलंबून असल्यास तिचाही समावेश होतो. कायम अपंगत्व असलेल्या अवलंबित मुलाला नियमानुसार वयोमर्यादेतून सूट आहे. सैनिकाच्या आई-वडिलांचे सर्व मार्गांनी मिळणारे मासिक उत्पन्न ९,००० रुपये व त्यावरील महागाई भत्ता या मर्यादेत असल्यास व ते त्याच्यावर अवलंबून असल्यास तेही पात्र ठरतात. सून व नातवंडे एकाच घरात राहत असली, तरी या योजनेत येत नाहीत.

अंशदान किती?

डिसेंबर २०१७ च्या आदेशानुसार रिक्रूट ते हवालदार व समकक्ष पदांसाठी ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर व समकक्ष पदांसाठी ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये असे एकरकमी अंशदान आहे. या तीन गटांना रुग्णालयात अनुक्रमे सर्वसाधारण, निमखासगी व खासगी कक्ष मिळतो. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींना अंशदान भरावे लागत नाही.

१ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्या निवृत्तिवेतनधारकांना सभासदत्व सक्तीचे आहे. त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना ते ऐच्छिक असून आजही घेता येते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांपैकी अनेकांना दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. सभासदत्व घेतल्यावर हा भत्ता बंद होतो.

एक उदाहरण

मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९४ मध्ये हवालदार पदावरून निवृत्त झालेले सातारा जिल्ह्यातील एक गृहस्थ मुलाकडे हावड्यात राहतात, असे समजू. निवृत्ती जुनी असल्याने त्यांनी सभासदत्व घेतलेले नाही. दरमहा १,००० रुपये भत्ता ते घेतात. त्यांना मधुमेह आहे आणि पत्नीचे बरेचसे दात पडले आहेत. ते १९९६ पूर्वी निवृत्त झाल्याने अंशदान माफ आहे. गमावावयाचा आहे तो केवळ भत्ता. वर्षाचे १२,००० रुपये एका बाजूस आणि दोघांची औषधे, दंतोपचार व रुग्णालयाचा खर्च दुसऱ्या बाजूस ठेवला, तर निर्णय कठीण नाही.

अडचण बहुधा कागदपत्रांची येते. विवाहानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे पत्नीचे नाव डिस्चार्ज बुकात एक, आधारपत्रात दुसरे आणि निवृत्तिवेतन आदेशात, म्हणजे पीपीओत, तिसरेच आढळते. जन्मतारखांतही तफावत असते. अशा दुरुस्त्या संबंधित अभिलेख कार्यालयामार्फत होतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगाव येथे आहे. या पत्रव्यवहाराला वेळ लागतो. म्हणूनच तो प्रकृती ठीक असताना सुरू करावा. राहत्या जिल्ह्यातील जिल्हा सैनिक मंडळ अथवा महाराष्ट्रातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठी मार्गदर्शन करते.

गाव बदलले तर?

साताऱ्यात काढलेले कार्ड हावड्यात निरुपयोगी ठरत नाही. देशातील कोणत्याही ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये सभासदाला उपचार मिळू शकतात. मात्र वास्तव्य दीर्घकाळाचे असेल, तर आपले मूळ पॉलिक्लिनिक बदलून घ्यावे. नियमित औषधांसाठी ते सोयीचे असते. या भागासाठी योजनेचे प्रादेशिक केंद्र कोलकाता येथे असून अलीपूर येथे पूर्व कमानचे कमांड रुग्णालय आहे.

दातांकडे दुर्लक्ष नको

दंतचिकित्सा हा या योजनेचाच भाग आहे, हे पुष्कळ सभासदांना ठाऊक नसते. पॉलिक्लिनिकमधील दंतवैद्य तपासणी करतात, दात भरणे, काढणे व स्वच्छ करणे यांसारखे उपचार करतात आणि गरजेनुसार पुढे पाठवितात. कवळी व तत्सम उपचारांसाठी ठरलेले दर व मर्यादा लागू असतात. म्हणून बाहेर खर्च करण्यापूर्वी पॉलिक्लिनिकची लेखी संमती घ्यावी. केवळ सौंदर्यवर्धनासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळत नाही.

मधुमेह असलेल्यांना हिरड्यांचे विकार अधिक होतात आणि हिरड्यांच्या विकारामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. तंबाखू वा गुटखा सेवन करणाऱ्यांनी तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडण्यास होणारा त्रास ही लक्षणे दिसताच दंतवैद्याकडे जावे. तोंडाचा कर्करोग लवकर ओळखला गेल्यास उपचार अधिक परिणामकारक होतात.

तातडीच्या प्रसंगी

नेहमीच्या उपचारांसाठी पॉलिक्लिनिकचे निर्देशपत्र घेऊनच संलग्न रुग्णालयात जावे. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अपघात अशा वेळी निर्देशपत्रासाठी थांबू नये. संलग्न रुग्णालयात थेट दाखल होऊन कार्ड दाखवावे. रुग्णालय संलग्न नसेल, तरीही प्राण वाचविणे प्रथम. मात्र अशा वेळी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे व सर्व मूळ देयके आणि अहवाल जपून ठेवावेत. तातडीची गरज सिद्ध झाल्यास मान्य दरांच्या मर्यादेत खर्चाची प्रतिपूर्ती होते. मान्य दरापेक्षा अधिक झालेला खर्च कुटुंबाला सोसावा लागतो.

निवृत्तिवेतन नसेल तर?

निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या पत्नींना केंद्रीय सैनिक मंडळाकडून नियमानुसार वैद्यकीय साहाय्य मिळू शकते. अर्ज जिल्हा सैनिक मंडळामार्फत करावा. ७० वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद आहे. ईसीएचएसच्या सभासदांना दोन्हींपैकी एकच योजना निवडता येते. निवड करण्यापूर्वी आपण राहतो त्या राज्यात ती योजना लागू आहे का, याची खात्री करावी. बाह्यरुग्ण तपासणी, नियमित औषधे व दंतोपचार ईसीएचएसमध्ये मिळतात, हेही लक्षात घ्यावे.

आजच करावयाच्या गोष्टी

१. पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार व पॅन यांवरील नावे आणि जन्मतारखा जुळतात का, हे तपासा.
२. सभासदत्व नसल्यास अर्ज करा. कार्ड येईपर्यंत मिळणारी तात्पुरती पावती जपून ठेवा.
३. अवलंबितांच्या पात्रतेची वार्षिक पडताळणी वेळेवर करा. मुलाची नोकरी, मुलीचा विवाह, कुटुंबातील मृत्यू यांची माहिती लपवू नका.
४. सैनिकाच्या निधनानंतर पत्नीने कार्ड आपल्या नावे करून घ्यावे. त्यासाठी नव्याने अंशदान भरावे लागत नाही.
५. जवळचे पॉलिक्लिनिक, संलग्न रुग्णालय व त्यांचे दूरध्वनी क्रमांक घरात दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवा.
६. कार्ड कोठे ठेवले आहे, हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला सांगा.

ही सुविधा सैनिकाने आपल्या सेवेने मिळविलेला हक्क आहे. ती मागण्यात संकोच नसावा आणि तिची कागदपत्रे पूर्ण करण्यात विलंबही नसावा.