दारावरचा भार : लिंटलविषयीचे काही गैरसमज

भिंतीत दार, खिडकी किंवा शटरसाठी जागा सोडली, की तिच्यावरच्या विटांचे ओझे पेलून दोन्ही बाजूंच्या भिंतीवर उतरवणारा आडवा तुकडा म्हणजे लिंटल. मिस्त्रींच्या तोंडी तो ‘लेंटल’ होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या घरांत हेच काम सागाचा पाट करत असे. आता उमरखेडसारख्या गावात घराशेजारी मोटारीसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी गॅरेज बांधताना सिमेंट काँक्रीटचा लिंटल ओततात.

चौकट मजबूत असली म्हणजे वरची भिंत ती पेलते, असा पहिला समज. चौकटीचे काम पल्ला धरण्याचे. तिच्यावर ओझे आले, की वरचे लाकूड मध्ये झुकते आणि दार अडकू लागते. उन्हाळ्यात सहज उघडणारे दार पावसाळ्यानंतर घासू लागले, तर बहुतेक जण लाकूड फुगल्याचे म्हणतात. ते खरेही असू शकते. पण वरचा लिंटल वाकलेला नाही ना, हे आधी सुतळी ताणून पाहावे.

दुसरा समज याच्या उलट : लिंटलवर वरची सगळी भिंत बसते. प्रत्यक्षात पक्क्या बांधकामातल्या विटा एकमेकींत अडकून कमानीसारखे काम करतात. लिंटलवर येते ती साधारण साठ अंशांच्या त्रिकोणातली भिंत. बाकीचे ओझे आपोआप बाजूंना वळते. चार फुटांच्या खिडकीवर, नऊ इंची भिंतीत, हा त्रिकोण साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. सहा इंच जाडीचा नेहमीचा लिंटल तेवढे सहज पेलतो.

इथूनच सर्वांत महागात पडणारा गैरसमज सुरू होतो : खिडकीवर जो लिंटल चालला, तोच लांब करून शटरवर चालेल. दहा फुटी शटरचा त्रिकोण पुरा व्हायला वर साडेआठ फूट भिंत लागते. गॅरेजमध्ये शटर आठ फुटांवर संपते आणि दहा फुटांवर स्लॅब येतो. मधल्या दोन फुटांत कमान तयारच होत नाही, म्हणून ती भिंत पूर्ण, म्हणजे सुमारे आठशे किलो, लिंटलवर बसते. शिवाय बारा बाय अठरा फुटांच्या गॅरेजचा स्लॅब पुढच्या भिंतीवर ढोबळ मानाने दोन टन टाकतो. खिडकीच्या तुलनेत ओझे आठपट, लांबी अडीचपट, आणि वाकवणारा जोर पंधरापटीहून जास्त. एवढ्या ओझ्याला लिंटल पुरत नाही; तिथे इंजिनिअरकडून हिशेब करून घेतलेला बीम लागतो. अंदाजासाठी त्याची जाडी गाळ्याच्या दहाव्या ते बाराव्या हिश्शाइतकी, म्हणजे दहा ते बारा इंच धरतात. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. दहा फुटी शटरसाठी सहा इंची लिंटल रुंद करून काही साधत नाही, ते यामुळेच.

या बीमच्या दोन्ही टोकांचे टेकणेही तितकेच महत्त्वाचे. खिडकीच्या लिंटलला दोन्ही बाजूंना किमान सहा इंच पुरतात. पण शटरच्या बाजूला जेमतेम फूटभर भिंत उरत असेल, तर तिथे आरसीसी कॉलमच हवा.

‘लोहा जास्त टाका’ ही सूचना बांधकामावर नेहमी ऐकू येते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. लिंटल खाली ताणला जातो, म्हणून मुख्य सळया तळाशी हव्यात. मध्यभागी टाकलेला दुप्पट लोहा तेवढे काम करत नाही. पण तळाशी म्हणजे फळीला टेकूनही नव्हे. सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवून वीस-पंचवीस मिलिमीटर काँक्रीट राहू द्यावे. गिट्टीचा खडा सरकवून काम भागवले, तर ओतताना तो निसटतो, सळई फळीवर बसते आणि काही वर्षांत गंजून खालचा गिलावा पाडते. छज्ज्यात हिशेब उलटा. तो भिंतीबाहेर लोंबतो, ताण वर येतो, म्हणून मुख्य सळया वर हव्यात आणि त्यांची टोके लिंटलमध्ये नीट अडकलेली हवीत. ओतताना मजुराच्या पायाखाली त्या दबल्या, तर छज्जा कागदावर बरोबर आणि जागेवर धोकादायक ठरतो. वरची भिंत चढण्याआधी छज्ज्याचा टेकू काढला, तर तो लिंटलसकट उलटू शकतो. विकत आणलेला तयार लिंटल उलटा बसवणे हीदेखील अशीच चूक.

‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ म्हणून दारापुरता तुटक लिंटल टाकण्याची पद्धत आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा लिंटल पट्टा घराला कमरपट्ट्यासारखा आवळून धरतो. गॅरेजसारख्या लहान बांधकामात त्याचा वाढीव खर्च फारसा नसतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मात्र दर वेळी लिंटलचा दोष नसते. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया तिच्यावरच उथळ बसवला असेल, तर वरचा लिंटल कितीही भक्कम असो, भिंत तडकतेच. तिथे दुरुस्ती पायाची करावी लागते.

राहिली सेंटरिंग. तिसऱ्या दिवशी काँक्रीट हाताला दगडासारखे लागते, म्हणून टेकू काढले जातात. भारतीय मानक 456 नुसार सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू 14 दिवस ठेवायचे असतात आणि कोरड्या, तापत्या हवेत पाणी किमान 10 दिवस मारायचे असते. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ओले पोते दुपारी दोनपर्यंत वाळते, तेव्हा दिवसातून एकदा पाणी मारून हा हिशेब पुरा होत नाही.