इस्कटलेला केक

स्वयंपाकघरातलं रसायन : लेखांक 11

मागच्या वैशाखात धाकटीचा सहावा वाढदिवस होता. हळद घालून पिवळा केलेला केक कुकरमधून काढला, डबा ताटावर पालथा केला, तर बुडाला ठिकठिकाणी तांबडेलाल ठिपके. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "कुंकू सांडलं काय वं याच्यावर?"

त्यांनी सहज विचारलं, पण उत्तर त्या प्रश्नातच होतं. कुंकू हळदीचंच होतं. हळदीला चुना भेटला की ती लाल होते. वरणाच्या डागाला साबण लावला की डाग जाण्याआधी लालभडक होतो, तोही याच कारणाने. माझ्या केकात चुना नव्हता, खायचा सोडा होता. घाईघाईत तो न चाळता वरून भुरभुरला होता, त्याच्या गुठळ्या राहिल्या, आणि जिथे गुठळी तिथे कुंकू.

मला वाईट वाटलं. धाकटीला मात्र तो केक इतका आवडला की तिने तिथेच पुढच्या वर्षीची मागणी नोंदवली : यापेक्षा जास्त रंग हवेत, केक इस्कटलेला हवा, आणि वरचं सगळं मीच करणार. या वर्षी तो तसा केला. गेल्या लेखांकात दह्याच्या आंबटपणाबद्दल सविस्तर लिहिलं होतं. आज तो आंबटपणा पुन्हा लागणार आहे, कारण या केकाचे निम्मे रंग त्याच्याच हातात आहेत.

आधी इस्कटलेला का, ते सांगते. आमचं अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावर. क्रीमची फुलं काढलेला केक हवा असेल तर तो चिखलीहून आणायचा, मांडीवर खोकं धरून, एसटीने. वैशाखात इकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि लोणी 32 ते 35 अंशांतच वितळतं. म्हणजे लोण्याच्या क्रीमचं गुलाबाचं फूल गावाच्या फाट्यापर्यंत फूल म्हणून पोचणं जवळजवळ अशक्य. सरळ कडा, गुळगुळीत पृष्ठभाग, नक्षीदार किनार हे थंड खोलीतलं काम आहे. ज्या केकाला मुळात कडाच नाहीत, त्याला उन्हाचं काय भय?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गुळगुळीत केक मुलाच्या हाती देता येत नाही. "हात नको लावू, बिघडेल," हे वाक्य ज्याचा वाढदिवस त्यालाच सर्वांत जास्त ऐकावं लागतं. आपल्याकडे तर लहान मुलांच्या कौतुकात पसाऱ्याला मानाची जागा आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करतो तेव्हा बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, शेंगा मुलाच्या डोक्यावरून ओततो आणि बाकीची पोरं ते वेचायला तुटून पडतात. तिथे कुणी "नीट रचून ठेवा" म्हणत नाही. गोपाळकाल्यातही सगळं एकत्र कालवण्यातच चव आहे. मात्र हल्ली वाढदिवसाला केक तोंडाला फासायची आणि वरून फेसाचे फवारे मारायची पद्धत गावोगावी पोचली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. त्या फवाऱ्यांतले वायू पेट घेणारे असतात आणि समोर मेणबत्ती जळत असते. फासलेला केक तर सरळ वाया जातो. आमच्या केकातला पसारा शेवटच्या कणापर्यंत पोटात जातो.

पसारा वरचा. खाली मात्र माप काटेकोर हवं. सात इंची डब्याला मैदा दीड वाटी, म्हणजे 190 ग्रॅम. दही एक वाटी, 240 ग्रॅम. साखर पाऊण वाटी, तेल अर्धी वाटी. बेकिंग पावडर सव्वा चमचा आणि सोडा सपाट अर्धा चमचा. अंडं नाही. अंड्याशिवाय फुलणाऱ्या भाजणीसाठी आपण ॲल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याचे ऋणी आहोत. त्याच्या बायकोला अंडंही सोसत नव्हतं आणि यीस्टही. म्हणून 1837 मध्ये त्याने अंड्याविना कस्टर्डची पूड केली आणि 1843 मध्ये यीस्टविना पाव फुगवणारी बेकिंग पावडर. एका घरातल्या पथ्यातून निघालेल्या या दोन्ही गोष्टी आज आपल्या फळीवर शेजारी शेजारी असतात.

आता कुकर. जुना पाच लिटरचा घ्यायचा. शिट्टी काढायची, झाकणाचं रबर काढायचं, आणि पाणी अजिबात घालायचं नाही. बुडाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरून त्यावर कुकरमधली जाळी ठेवायची आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्यायचं. मीठ उष्णता हळूहळू सोडतं, त्यामुळे बूड करपत नाही. रबर राहिलं तर जळतं आणि त्याचा वास केकाला लागतो. शिट्टी राहिली तर मिश्रणातून निघणारी वाफ आत कोंडते आणि केक भाजण्याऐवजी उकडतो. अशाने ढोकळ्यासारखा ओलसर केक मी एकदा केलेला आहे.

रंगांकडे येते. यंदा आतल्या केकात तीन रंग होते : पिवळा, हिरवा, तपकिरी. लोक सहसा सगळं मिश्रण एकत्र करतात आणि मग त्याचे भाग पाडून रंग घालतात. त्यात दोन तोटे आहेत. मैदा ओला झाल्यावर जितकं ढवळाल तितका तो चिवट होतो. आणि सोडा दह्याला भेटल्या क्षणापासून वायू सुटायला लागतो, तो वाट बघत थांबत नाही. म्हणून दही, साखर, तेल फेटून त्याचेच आधी तीन भाग करायचे, रंग त्यात घालायचे. मैदा, पावडर आणि सोडा तीनदा चाळून त्याचेही तीन भाग वेगळे ठेवायचे. कुकर तापला की शेवटच्या चार मिनिटांत ओलं आणि कोरडं जोडीजोडीने एकत्र करायचं.

पिवळ्या वाटीत पाव चमचा हळद. इथेच मागच्या वर्षीच्या कुंकवाचा हिशेब लागतो. अर्धा चमचा सोडा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. तो पुरता संपायला त्याच्यापेक्षा किंचित जास्त वजनाचं लॅक्टिक आम्ल लागतं, आणि ते वाटीभर ताज्या गोड दह्यात नसतं. मग सोडा शिल्लक राहतो, आणि शिल्लक सोडा हळदीला लाल करतो. तापल्यावर तर त्याचा धुण्याचा सोडा होतो, तो आणखी जहाल. उपाय सोपा : दही चांगलं आंबट घ्या आणि पिवळ्या वाटीत अर्धा चमचा लिंबाचा रस पिळा. हळद पिवळीच्या पिवळी राहते.

हिरव्या वाटीत पालक, पण तिथे लिंबू चुकूनही नको. पालकाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. आंबट आणि उष्णता एकत्र आली की तो निसटतो आणि हिरव्याचा शेवाळी होतो. पालक शिजवताना काही जणी चिमूटभर सोडा टाकतात तो हाच अणू जागेवर ठेवायला. म्हणजे एकाच केकात पिवळ्याला सोड्याचं वावडं आणि हिरव्याला त्याचाच आधार! पालक वाटून कपड्यातून पिळून घ्यावा. दोन चमचे गाळ पुरतो, आणि तेवढंच दही त्या वाटीतून कमी करायचं, नाहीतर हिरवं मिश्रण पातळ होऊन बाकीच्यांच्या खाली पळतं. तपकिरीला कोको एक मोठा चमचा, आणि तेवढा मैदा कमी.

बीट या यादीत नाही. मी दोनदा घालून पाहिलं. डब्यात ओतताना मिश्रण इतकं सुरेख गुलाबी दिसतं की मन हरखतं, आणि पाऊण तासाने मातकट केक बाहेर येतो. बिटाचा रंग उष्णतेत टिकत नाही आणि सोड्यापुढे तर उभाच राहत नाही. त्याला वरच्या थरात, गारव्यात आणि आंबटात जागा द्यावी.

डब्याला तेल लावून मैदा भुरभुरला की एकेक रंग चमच्याने मधोमध ओतायचा. पिवळ्यावर हिरवा, हिरव्यावर तपकिरी, पुन्हा पिवळा. प्रत्येक नवा चमचा आधीच्याला बाहेर ढकलतो आणि आपोआप वर्तुळं पडतात. ही ओतणी धाकटीने केली. तिचे चमचे कधी मधे पडले, कधी कडेला, आणि तेच हवं होतं. मंद आचेवर 40 ते 45 मिनिटं. विणायची सुई खुपसून कोरडी निघाली की गॅस बंद. केक पूर्ण गार होईपर्यंत, निदान दोन तास, वर काहीही लावायचं नाही.

वरच्या थराला मी चक्का वापरला. दीड लिटर दही रात्रभर फडक्यात टांगून, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच टांगून, साधारण अर्धा किलो चक्का निघाला. त्यात साखर घातली की तो सैल होतो हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, कारण साखर पाणी ओढून घेते. म्हणून पिठीसाखर नेहमीच्या निम्मी घेतली आणि तीन मोठे चमचे दुधाची पावडर मिसळली. थर जाड झाला आणि क्रीमसारखा तोंडात बसणारा तेलकटपणा त्याला नव्हता.

चक्क्याचे चार वाडगे केले. एकात बिटाचा आटवलेला रस. चक्का आंबट असल्याने रंग झगझगीत गुलाबी उठला. एकात केशर आणि चिमूटभर हळद. एकात पालकाचा गाळ. चौथ्यात गोकर्ण. कुंपणावरची दहा-बारा निळी फुलं दोन चमचे कढत पाण्यात चुरून गाळली. पाणी गडद निळं होतं, चक्क्यात पडताच जांभळट झालं, आणि धाकटीने त्यात लिंबाचे थेंब टाकले तसं ते आणखी जांभळं होत गेलं. तिने चार वेळा विचारलं की निळा गेला कुठे. गेला नव्हता, आंबट लागताच त्याने रूप पालटलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये गोकर्णाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. आमच्याकडे हा वेल अंगणात असतो आणि फुलं देवाला जातात.

बाजारचे रंग वापरूच नयेत असं माझं म्हणणं नाही, पण कोणते ते बघून घ्या. भारतात आठच कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. टारट्राझिन आणि सनसेट यलो त्यांतलेच. त्यांचं प्रमाणही बहुतेक पदार्थांत किलोला 100 मिलिग्रॅमच्या आत हवं. वेष्टनावर परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव दोन्ही असतात. किराण्यात सुटी मिळणारी लाल-पिवळी पुडी घेऊ नका. 2024 मध्ये कर्नाटकात केकचे 235 नमुने तपासले, त्यांतले 12 घातक रंगांमुळे असुरक्षित ठरले. ज्या केकात सगळी गंमत रंगांचीच आहे, तिथे हा हिशेब आईनेच ठेवायला हवा.

मग केक पाटावर ठेवला आणि तिला हात धुवायला लावले. एकच नियम सांगितला : गुलाबी आणि हिरवा एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. हे दोन रंग मिसळले की एकमेकांना मारतात आणि चिखल उरतो. दोघांच्या मधे पिवळा ठेवला तर एका कडेला नारिंगी होतो, दुसऱ्या कडेला पोपटी, आणि दोन्ही चांगले दिसतात. बाकी तिने सराटा घेतला, थोड्या वेळाने तो टाकला, आणि पाच बोटांनी काम सुरू केलं. जांभळ्यात बोट बुडवून ते पिवळ्यातून फिरवलं तेव्हा जो ओघळ पडला, तो मला कोणत्याही नळीने काढता आला नसता. मी दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला.

वरून डब्यातला संक्रांतीचा उरलेला रंगीत हलवा, मुखवासाची बडीशेप आणि टुटीफ्रुटी. टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते आणि बेकरीच्या केकवरची लालबुंद चेरी बहुतेक वेळा करवंदाची, हे सांगितल्यावर तिचा विश्वासच बसेना. हलव्याच्या साखरेला चक्क्याची ओल लागली आणि प्रत्येक दाण्याखालून रंगाचा एकेक बारीक ओहोळ निघाला. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.

संध्याकाळी बल्लाळदेवीच्या टेकडीकडून वारा सुटल्यावर अंगणात पाट मांडला. आधी औक्षण झालं, निरांजन देवाजवळ नेऊन ठेवलं, मग सुरी.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही. ओतताना धाकटीने मागच्या वर्षीचे ठिपके मागितले होते. म्हणून चमचाभर पिवळं मिश्रण लिंबू पिळण्याआधीच बाजूला काढलं, त्यात चिमटीभर सोडा कालवला. ते डोळ्यांदेखत तांबडं झालं, आणि तिने ते केकात पाच ठिकाणी थेंबाथेंबाने सोडलं. ज्याच्या तुकड्यात ठिपका निघेल त्याला दुसरा तुकडा, असं जाहीर झालं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून आपला तुकडा दोन्ही बाजूंनी पाहिला. त्यांच्या वाट्याला दोन आले होते.