दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा अधिकारी

हिशेब पाहणारा, माल विकणारा, कामगारांचे तंटे मिटविणारा असा कंपनीचा अधिकारी आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु कोणत्या देशात सरकार उलथेल, कोणता समुद्रमार्ग बंद पडेल, कोणता कायदा येऊ घातला आहे आणि ज्या मुलखात आपला कारखाना उभा आहे तेथील माणसे आपल्याविषयी काय बोलतात, एवढ्याच गोष्टींचा विचार करण्यासाठी भरघोस पगारावर एक स्वतंत्र अधिकारी नेमला जातो, हे ऐकून काहींना नवल वाटेल. आज जगातील अनेक मोठ्या कंपन्यांत असा माणूस असतो, आणि काही ठिकाणी तो थेट अध्यक्षांच्या शेजारी बसतो. परराष्ट्रखाते, लष्कर, वकिली किंवा वृत्तपत्र यांपैकी कोठेतरी अर्धे आयुष्य घालवून तो येथे आलेला असतो. त्याच्या कामाला आपण राजकीय जोखीम आणि लोकव्यवहार असे म्हणू.

पद नवे असले तरी काम जुनेच आहे. पेशव्यांच्या वतीने हिंगणे दिल्लीस आणि गोविंदराव काळे हैदराबादेस राहून दुसरे काय करीत होते? तेथील दरबारात कोण चढला, कोण उतरला, हे पुण्यास कळवावयाचे, आणि पुण्याचे म्हणणे तेथे मांडावयाचे. एक कानाचे काम, दुसरे जिभेचे. आमचे मत असे की, या दोहोंत कानाचे काम अधिक मोलाचे. पण कंपन्यांचा भरवसा बहुधा जिभेवरच असतो.

कान बंद ठेवल्याने काय होते ते इराणात दिसले. तेथील तेल काढणाऱ्या अँग्लो-इराणियन कंपनीत ब्रिटिश सरकारचाच मोठा वाटा होता. इराणला स्वामित्वधन म्हणून जे मिळे, त्याहून अधिक रक्कम ब्रिटिश सरकारला नुसत्या कराच्या रूपाने मिळे, ही गोष्ट तेहरानच्या बाजारातील माणसालाही ठाऊक होती. 1950 च्या डिसेंबरात शेजारच्या सौदी अरेबियाला अमेरिकन कंपन्यांनी निम्मा नफा देऊ केला. तोवर अमेरिकन मुत्सद्दी लंडनला बजावीत होतेच की, वेळीच हात सैल करा. अध्यक्ष सर विल्यम फ्रेझर यांना त्याची निकड वाटली नाही. 1951 च्या मार्चमध्ये इराणी संसदेने तेल राष्ट्राच्या मालकीचे केले आणि लवकरच मोसाद्देक पंतप्रधान झाले. पुढे 1953 साली मोसाद्देकांना कट करून पदच्युत केले गेले, तरी 1954 च्या नव्या करारात या कंपनीच्या पदरी चाळीस टक्केच वाटा पडला. येथे बातमीची वाण नव्हती. ती ऐकणारा नव्हता.

याच्या उलट उदाहरण शेल कंपनीचे. ते थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे.

पिएर वॅक नावाचे एक फ्रेंच गृहस्थ 1970 च्या सुमारास शेलच्या लंडन येथील नियोजन विभागात होते. टेड न्यूलँड हे त्यांचे सहकारी. तेलाचा भाव कित्येक वर्षे जवळजवळ स्थिर होता आणि तो तसाच राहणार, या विश्वासावर सारा धंदा चालला होता. वॅक यांनी भविष्य वर्तविण्याच्या भानगडीत न पडता एक साधा प्रश्न धरला. तेल ज्यांच्या जमिनीत आहे, त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते? सौदी अरेबियासारख्या थोड्या वस्तीच्या देशाला येणारा पैसा खर्च करणेच अवघड. बँकेत ठेवलेला पैसा झिजतो, जमिनीत ठेवलेले तेल मात्र महाग होत जाते. मग असा देश उपसा वाढवीत का जाईल? एकदा हा विचार पटला की भाववाढ होणार हे ठरलेच. केव्हा, एवढाच प्रश्न उरतो. हे समजावून सांगण्यासाठी वॅक यांनी दृष्टान्त घेतला तो आपल्या गंगेचा. वर पहाडात मुसळधार पाऊस पडला की काही दिवसांनी ऋषिकेशला, मग प्रयागला, मग काशीला पूर येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. काशीच्या घाटावरील मनुष्याला मात्र त्या दिवशी आकाश निरभ्रच दिसत असते!

खरी अडचण पुढेच होती. पहिले आराखडे साहेबलोकांनी वाचले आणि बाजूला ठेवले. प्रत्येकाच्या डोक्यात जगाचा एक नकाशा पक्का बसलेला असतो, आणि तो बदलल्याखेरीज कागदावरचा आराखडा निरुपयोगी, हे वॅक यांनी तेव्हा ओळखले. त्यांनी 1985 साली लिहिलेल्या लेखांत हाच मुद्दा आग्रहाने मांडला आहे. म्हणून 1972 च्या सप्टेंबरात त्यांनी वरिष्ठांपुढे उलटी बाजू मांडली: भाव स्थिर राहावयाचे असतील, तर कोणकोणते चमत्कार घडावे लागतील ते पाहा. चमत्कारांची ती यादी ऐकल्यावर जुन्या नकाशावर विश्वास ठेवणे कठीण झाले. 1973 च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेल रोखले, आणि पिंपामागे सुमारे 3 डॉलर असलेला जाहीर भाव 1974 च्या जानेवारीत 11.65 डॉलरवर गेला. शेललाही झळ लागलीच, पण या प्रसंगाची मनात तालीम झालेली असल्याने ती इतरांपेक्षा लवकर सावरली.

तरीही या धंद्यात निश्चिती अशी नसतेच. इराणात पोळलेली ती कंपनी 1954 पासून ब्रिटिश पेट्रोलियम म्हणून ओळखली जाऊ लागली. तिला 2022 च्या फेब्रुवारीत, रशियाने युक्रेनवर चाल केल्यावर, रशियन तेल कंपनीतील आपला 19.75 टक्के हिस्सा सोडण्याचे जाहीर करावे लागले. दोन हजार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तिने एका तिमाहीत बुडीत दाखविली.

आता नुसत्या जिभेचे उदाहरण, आणि ते आपल्या कोकणातले. दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीने 1992 साली राज्य वीजमंडळाशी प्राथमिक करार केला आणि 1993 साली वीजखरेदीचा करार झाला. 1995 च्या आरंभी कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, भारतीयांच्या 'शिक्षणावर' आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाले. कंपनीच्या हिशेबी तो सरळ लोकव्यवहार होता. महाराष्ट्रात तो शब्द ऐकताच हे शिक्षण कोणी घेतले, असा प्रश्न गल्लोगल्ली विचारला जाऊ लागला. लाच दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही; पण संशयाला त्याची गरज नसते. कंपनीला हे कळावयास हवे होते की, येथे विजेचा दर हा घरोघरचा विषय आहे, गुहागरकडील मच्छीमारांना खाडीची काळजी आहे, आणि निवडणूक तोंडावर आली आहे. त्या मार्चमध्ये सरकार बदलले आणि ऑगस्टात करार रद्द झाला. वाटाघाटी होऊन तो पुन्हा जुळला, 1999 साली वीजही सुरू झाली. पण दराचे भांडण मिटले नाही. 2001 च्या मध्याला संच थांबले आणि त्याच डिसेंबरात खुद्द एन्रॉननेच दिवाळखोरी पुकारली. 2005 साली तो कारखाना चालविण्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली, ती प्रामुख्याने सरकारी कंपन्यांच्या भागीदारीने.